सुंदरबाईच्या चपला

"बाई गेल्या," असे धुळ्याच्या दवाखान्यात कौतिकला कुणीतरी सांगितले, तेव्हा त्याच्या हातात बायकोच्या, सुंदरबाईच्या चपला होत्या. पहाटे तिला झटके आले. त्याने तिला अनवाणीच बैलगाडीत घातले. परत येताना तरी पायात जातील म्हणून चपला घेतल्या. पोटातले मूलही गेले. चपलांचे काय करायचे, हे त्याला कळेना.

पंधराव्या दिवशी एक मुलगी घरी आली. इंदिरा, अमळनेरची. दिल्लीच्या कॉलेजात नर्सिंगच्या पदवीला होती. सुटीत धुळ्याच्या दवाखान्यात काम करत होती. हातात वही होती.

"नर्सले कॉलेज?" शेजारची भिकुबाई म्हणाली. "मंग आमनी दाईले इलायतले धाडूत का?"

"धाडा की, अक्का. आमच्या वर्गात अकराच जणी आहेत. जागा आहे."

कौतिक गोंधळला. बायको होती तेव्हा दवाखान्याने फक्त नाव-गाव विचारले. आता ती नाही, तर ही विचारते, पाणी कुठून आणता, ती काय खायची.

"आते लिखीसन काय व्हई, बाई?"

"दवाखान्यात येण्याआधी घरात काय झालं, तेही आम्हाला शिकावं लागतं, भाऊ. पायांना सूज होती?"

होती. डोकेही दुखायचे. पण सुंदरबाई बोलली नाही. लेक पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि त्याच वेळी आईलाही दिवस गेलेले. तिला लाज वाटे. तिच्या कामाला खंड नव्हता, म्हणून त्यानेही विचारले नाही.

"जावाना पहिले पंधरा दिन तिना पायमा चप्पल जाये नही," तो म्हणाला.

दिवस भरत आलेली पुष्पा पाणी घेऊन आली. इंदिराची पेन्सिल थांबली. ती पुष्पाच्या पायांकडे पाहत होती. कौतिकनेही पाहिले. दाराशी पुष्पाच्या लग्नातल्या चपलांवर धूळ बसली होती.

"पुष्पे, तू चप्पल का बरं घालस नही?"

"जात नही, बा. आठ दिन व्हयनात."

"डोकं दुखतं?" इंदिराने विचारले.

पुष्पाने मान डोलावली.

इंदिराने वही मिटली. "गाडी जुंपा, भाऊ. आत्ता."

कौतिक उठला. दारापर्यंत गेला, परत आला. या खेपेला पुष्पाच्या चपला घ्यायच्या की नाही, हे त्याला कळेना.

बैल अजून जुंपायचे होते.