उजवी कळी

डाव्या खांद्यावरची कळी सुटली, मारुतीच्या पोटावरून घरंगळली आणि पायाशी येऊन थांबली.

घरामागच्या परड्यातल्या मारुतीच्या कट्ट्यासमोर सगळं घर बसलं होतं. रुईच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर लावायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अंबूताईंनी केदारनाथला जाऊ नये, असं देवानं सांगितलं होतं.

"होगली बिडरी अक्का," म्हणत भावजयीनं, जयलक्ष्मीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ द्या, देवाच्याच मनात नाही तर आपण काय करणार. भाऊ शेषगिरी म्हणाला, आपल्या उणकलच्या तळ्यावर जे गार वारं आहे ते तिकडे कुठलं? कुणी हसलं नाही. मग लेकीला, छोट्या मालतीला घेऊन दोघं आत गेली.

अंबूताई बसूनच राहिल्या. गेल्या चातुर्मासात कीर्तनात बुवांनी पांडवांची हिमालयातली चढण गायली होती, आणि झांजा थांबल्या तरी देवळातली माणसं उठेनात. त्याच दिवशी अंबूताईंनी ठरवलं. डोली नको, घोडं नको. एकसष्टाव्या वर्षी जायचं तर आपल्या पायांनी.

बेत मांडला शेषगिरीनंच. तो हायस्कुलात भूगोल शिकवायचा. मिरजेला गाडी बदलायची, हरिद्वार, मग गौरीकुंड, तिथून चौदा किलोमीटर चढ, साडेअकरा हजार फूट. एक दिवस विसावा आणि मग तुंगनाथ. अक्काला कॅनव्हासचे बूट त्यानंच आणून दिले होते. लुगड्याखाली ते पांढरे बूट घालून त्या तीन महिने रोज पहाटे उणकलची टेकडी चढत होत्या. दूधवाला भरमा वाटेत सायकलवरून उतरून सलाम ठोकायचा आणि विचारायचा, अक्का, मिलिटरीत भरती कधी?

चार दिवसांपूर्वी जयलक्ष्मीच्या भावाचं पत्र आलं, आम्ही नवरा-बायको दोघंही तुमच्याबरोबर येतो म्हणून. ती दोघं तरणीताठी, पायाला भिंगरी लावलेली. तेव्हापासून शेषगिरी नकाशाकडे बघायचा, अक्काकडे बघायचा नाही. काल म्हणाला, एवढा चढ आहे, एकदा मारुतीला विचारू या. अंबूताई लगेच हो म्हणाल्या. बावीस वर्षं त्याची पूजा त्या करत होत्या. त्याला विचारायची भीती कसली?

ज्याचा प्रश्न त्यानं कळ्या लावायच्या नाहीत, हा नियमही त्यांचाच. म्हणून आज कळ्या शेषगिरीनं लावल्या.

वारं सुटलं. फणसाची पानं गळाली, दोरीवरचं धोतर तुळशीवर जाऊन पडलं. अंबूताई निर्माल्य काढायला उठल्या. पायाशी पडलेली कळी उचलली आणि उजवीला बोट लावलं. ती हलली नाही. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. तरी हलली नाही. मग त्यांनी वाकून बघितलं. कळीच्या देठाखाली काहीतरी पिवळसर चमकत होतं. त्यांनी वास घेतला.

वास ओळखीचा होता. तीन नकाशे एकाला एक जोडायचे म्हणून काल दुपारी शेषगिरीनं मागितला, तेव्हा बाभळीचा डिंक वाटीत त्यांनीच भिजवून दिला होता.

"अक्का, आत ये ना," शेषगिरी मागच्या दारात आला. त्यानं नकाशा भिंतीला लावला होता. कुठल्या दिवशी आम्ही कुठं असू ते तुला दाखवतो, म्हणाला.

"शेषू, ही कळी पडत नाही रे."

तो पायरीवरच थबकला. रुईचा चीक असेल, म्हणाला.

"चीक मी पुसून दिला होता."

आतून मालती नकाशावरची नावं मोठ्यानं वाचत होती. देवप्रयाग. रुद्रप्रयाग. पुढचं एक तिला नीट लागेना, ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती.

"तुला मी नको कसं म्हणू, अक्का?" शेषगिरी खालमानेनं म्हणाला.

"म्हणाला असतास तर एक दिवस रडले असते. दुसऱ्या दिवशी तुमच्या वाटेसाठी लाडू वळले असते." अंबूताईंचा आवाज चढला नव्हता. "त्याच्याकडून कशाला वदवलंस?"

त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

"तू चिकटवलीस, तूच काढ."

शेषगिरी कट्ट्यासमोर गुडघ्यावर बसला. पाणी ओतलं, नखानं खरवडलं, पुन्हा पाणी ओतलं. कळी चुरगळली, पण देठ सुटेना. मग त्यानं जोर लावला आणि ती एकदम निघून आली. तिच्याबरोबर शेंदराची एक खपली निघाली. बावीस वर्षं दर शनिवारी अंबूताईंनी थरावर थर चढवलेला शेंदूर तो.

खाली कळीएवढा काळा दगड दिसत होता.

अंबूताईंनी सवयीनं हात जोडले होते. ते त्यांनी हळूच सोडले.