पायांना पुरणारी गाडी

"पायांना पुरंना," कुंडलिक आतून म्हणाला.

त्याचं डोकं पुढच्या सीटला टेकलं होतं आणि दोन्ही तळवे मागच्या दारातून बाहेर आले होते. सहा फूट दोन इंचांचा, अडुसष्ट वर्षांचा माणूस भरदुपारी दुसऱ्याच्या गाडीत आडवा पडलेला बघायला आळेफाट्याच्या जुन्या गाड्यांच्या मैदानावर चारपाच जण जमलेच.

"गुडघं जरा दुमडा की, पावणं," गाड्या विकणारा दादाभाऊ म्हणाला.

"रातभर दुमडून ठिवायचं व्हय?" ठमाबाईने विचारलं. "माणूस हाय का घडीची खुर्ची?"

ठमाबाई म्हणजे कुंडलिकची बायको. नवऱ्याहून चार बोटंच कमी. सकाळपासून तिने तीन गाड्या नापास केल्या होत्या आणि गाडीत झोपणाऱ्या माणसांना तर त्याआधीच.

"घर हाय, पलंग हाय, आन् ह्या शहरवाल्यांना पत्र्याच्या डब्यात झोपायचंय. कँपिंग म्हणं! आमी उसाला पाणी देताना बांधावर झोपायचो, तवा कुणी फोटू काढला न्हाई."

"आई, हळू," तिचा मुलगा भरत म्हणाला.

तिने आवाज उतरवला. त्याला कारण होतं. भरत चाकणची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी, डिंगोऱ्याला, परत आला होता. टोमॅटोने हात दिला नाही. आता घरी शहरातली पाहुणी माणसं पैसे घेऊन उतरवायची त्याने ठरवलं होतं. शनिवारी पहिली मंडळी येणार होती. "हे जमलं तर इथंच राहू," जेवताना तो म्हणाला होता, "न्हाईतर पोराला घेऊन आम्ही चाकणला परत." त्या दिवशी ठमाबाईच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. नातू नुकता तिच्या हातून जेवायला लागला होता. मग ती स्वतःच म्हणाली, चल, कुठं बघायची ती गाडी बघू.

तंबूचा विचार सुरुवातीलाच बाद झाला होता. उसाच्या कडेला, बिबट्याच्या वाटेवर, कापडाच्या भिंतीत कोण झोपणार? दारं घट्ट लागणारी गाडीच हवी. "आणि झोपणारी दोघं उंच आहेत," भरत म्हणाला होता. "आबा, तुमच्या मापानंच बघू."

म्हणून कुंडलिक आडवा पडत होता.

पुढची गाडी सात माणसांची, चकचकीत. सीटा पाडल्या, तरी मधोमध उंचवटा राहिला.

"ह्याच्यावर रातभर निजलं, की सकाळी उंट उठंल," ठमाबाई म्हणाली.

त्यानंतरची पांढरी, लांबलचक. कुंडलिक आत ऐसपैस मावला. पण बाजूला लाल रंगाची पुसट खूण दिसत होती.

"ॲम्ब्युलन्स व्हती," दादाभाऊ म्हणाला. "पण जागा बघा ना, मावशी."

"यातून माणूस झोपून जातो, राव. झोपायला नव्हं."

जमलेली माणसं हसली. दादाभाऊला त्या म्हातारीचा राग यायला लागला होता आणि गंमतही वाटत होती. त्याने त्यांना कोपऱ्यात उभ्या, बंद पडलेल्या एका शाळेच्या पिवळ्या मिनीबसकडे नेलं. बाकडी काढलेली, खिडक्यांना जाळ्या, दार आतून लागणारं. कुंडलिक आडवा झाला. तळव्यापाशी वीतभर जागा उरली.

"पुरलं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच डोळे मिटले.

"आई, तुम्ही पण शेजारी पडून बघा," सून श्रेया म्हणाली. "दोघांचा अंदाज येईल."

"चारचौघात?"

"दार लावते मी."

ठमाबाई पदर सावरत आत चढली आणि आडवी झाली. छतावर कुणा पोराने खडूने सूर्य काढला होता.

"बरं वाटतंय की गं," कुंडलिक म्हणाला.

"गप ऱ्हावा. येड्यांचं अंथरूण हे."

पण ती लगेच उठली नाही.

खाली उतरताना श्रेयाने तिचा हात धरला. "पायरी उंच वाटते का? गुडघा दुखला?"

"माझ्या गुडघ्याचं काय घिऊन बसलीस? येणाऱ्यांचं बघ."

श्रेयाने भरतकडे पाहिलं. भरत टायर बघत होता. "एक खालची पायरी बसवून द्या," तो दादाभाऊला म्हणाला.

"उंच माणसांना बुटकी पायरी!" ठमाबाई म्हणाली. "लाड तरी किती करावं."

मिनीबस शेताच्या कडेला आंब्याखाली उभी राहिली. श्रेयाने घराची आतली खोली रंगवली, न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ बसवला. पाहुण्यांना अंघोळीला लागेल, हे ठमाबाईला पटलं. तिने जुन्या लुगड्याचे पडदे शिवून गाडीला लावले, पाण्याचा माठ ठेवला, जाड गादी स्वतः झटकून अंथरली. येडी असली तरी पावणी, ती कुंडलिकला म्हणाली, पाठ दुखली म्हणून भरतला नावं ठेवायला नकोत.

शनिवारी पाच वाजता पुण्याची गाडी अंगणात वळली. चार माणसं उतरली. दोन नवरे, दोन बायका. एकाचंही डोकं भरतच्या खांद्याच्या वर जाईना.

ठमाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना. एवढीशी ही माणसं, ह्यांना तर कोंबड्यांच्या डालग्यातबी झोप यील! ह्यांच्यासाठी आबांना चारचौघात लोळवलं?

पाहुण्यांनी बूट काढले, पाणी घेतलं आणि श्रेयाच्या मागोमाग आत गेले. आतल्या खोलीत ठमाबाई-कुंडलिकच्या पलंगावर बॅगा पडल्याचा आवाज आला. मग पंखा लागला. मग दार लागलं.

"अरं, भरत," ठमाबाई म्हणाली, "सामान आत कशाला? गाडीत ठिवायला सांग की त्यांना."

भरत अंगणातले बूट जोडीने लावत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"आई," तो म्हणाला, "तुमच्या आणि आबांच्या गोधड्या गाडीत टाकल्यात."