शून्याची वाट

जीपीएसवरून अचूक वेळ घेणाऱ्या यंत्राचा अँटेना टॉवरच्या टोकावर होता. त्याला किती उपग्रह दिसतात, तो आकडा नेटवर्कवरून चाळीस किलोमीटर दूर माझ्या स्क्रीनवर यायचा. दादा वर चढताना मोबाइल खालीच ठेवायचा. म्हणून आमचं ठरलेलं होतं: उतरायच्या आधी त्यानं हत्यारांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण अँटेनावर धरायचं. आकडा शून्य झाला, की समजायचं, 'उतरतोय गं.'

आज चढण्याआधी फोनवर म्हणाला, "वारा भलताच आहे, पण अँटेना आवळून येतो."

वीस मिनिटं आकडा चारवर होता, म्हणजे दादा अँटेनावर वाकलेला होता आणि बाकीचे उपग्रह त्याच्या अंगाआड झाकले होते.

एकदम आकडा नऊ झाला.

"सगळे दिसायला लागले!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "तुझ्या भावानं काम फत्ते केलं. चल, चहा सांग."

"थांबा ना साहेब, अजून शून्य नाही आलं."

"शून्य? अगं, शुभ बोल जरा!"

मी स्क्रीनला हात जोडले. एकदाच, फक्त एकदाच शून्य येऊ दे.

आकडा नऊवरून हलला नाही.