आवाज पुसायचा राहिला

“आई, परत आवाज केलास.”

“मी कुठं? मी नुसतं हं म्हनलं.”

“तेच मशीनमध्ये रेकॉर्ड होतं.”

“लई नाजूक बाई तुजं मशीन,” लंकाबाई म्हणाली आणि सुपातली नाचणी पुन्हा पाखडायला लागली. पाखडण्याचाही आवाज येत होता. रत्नाने तो विषय काढला नाही.

मढच्या वरच्या वाडीत, सारजाबाईच्या ओट्यावर तिघी बसल्या होत्या. रत्ना पुण्याला विद्यापीठात बुजलेल्या झऱ्यांवर संशोधन करत होती. डोंगरात पाणी कुठे होतं, कधी आटलं, दरडीखाली गेलं की दुसरीकडून निघालं, हे नकाशात सापडत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. त्या विचारण्यालाही शिस्त असते. प्रश्न एकदाच विचारायचा आणि गप्प बसायचं. मान हलवली तर चालेल, पण तोंडाने होकार द्यायचा नाही. नाहीतर सांगणारा आपल्याला हवं तेच सांगू लागतो. रत्ना ही शिस्त काटेकोर पाळत असे.

आईला ती जमत नव्हती. गावोगाव सोबतीला येई, हातात काहीतरी निवडायला घेई आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्यामागे ‘हं’ म्हणे. घरी गेल्यावर रत्ना संगणकावर ते सगळे ‘हं’ पुसून टाकी. तिचे मार्गदर्शक म्हणत, तुझ्यापुढे माणसं किती मोकळं बोलतात, इतरांसमोर तोंड उघडत नाहीत. रत्नाला वाटे, शिस्तीचं फळ.

होळी झाली की वाडी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसे. उंबराखालचा झरा फार पूर्वी दरडीत गेला, असं सगळेच सांगत. सारजाबाई तेवढी वेगळं सांगत होती.

“सासू म्हनली, पानी मेलं.”

“हं.”

“मी न् माजी जाऊ म्हनलो, मेलं तर मेलं. पर आमाला ठावं व्हतं. खालच्या अंगाला फुटलं व्हतं ते. घरी न्हाई सांगितलं.”

“हं.”

“सांगितलं असतं तर सासू लगी माघारी बोलावती. आमी म्हनायचो, लांबच्या वढ्याला चाललो. न् तिथं पाय सोडून बसायचो, सासूच्या नकला करीत.”

लंकाबाई इतकी हसली की सूप कलंडलं आणि नाचणी ओट्यावर सांडली.

“तर तिथं जायचं म्हंजी…” सारजाबाई म्हणाली.

“हं,” डोळे पुसत लंकाबाई म्हणाली.

तेवढ्यात शेळ्या परतल्या आणि सारजाबाई उठली. राहिलेलं उद्या ऐकायचं ठरलं. उतरताना लंकाबाई लेकीला म्हणाली, “उद्या तोंडात पदराचा बोळाच घालून बसते. मंग तरी खूश?”

दुसऱ्या दिवशी लंकाबाई उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर रत्ना एकटी वाडीत गेली. सारजाबाईने तिला पोटाशी धरलं. दोघी रडल्या. मग रत्नाने मशीन काढून मधे ठेवलं. आज त्यात दुसरा कुठलाच आवाज येणार नव्हता.

“आजी, ती जागा कुठे होती?” तिने विचारलं आणि ती गप्प बसली.

“व्हती… खालच्या अंगाला.”

रत्नाने मान हलवली. सारजाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं.

“लई दिस झालं गं. न्हाई आठवत.”

“म्हातारीचं आता काय खरं न्हाई, ताई,” आतून सून म्हणाली.

रत्ना आवरायला लागली. मग तिला वाटलं, मागचं ऐकवून बघावं, कदाचित आठवेल. त्या दिवसाचं बोलणं तिने मशीनमधून मोबाइलमध्ये घेतलं होतं, जसंच्या तसं. त्यातला आवाज पुसायचा राहिला होता.

तिने ते लावलं. सासू म्हनली, पानी मेलं. हं. पाखडण्याची लय आली, हसणं आलं, सूप कलंडलं. आई ओट्यावर होती. रत्नाने मोबाइल दोन्ही हातांत धरला. एक काम हातून राहून गेलं, याबद्दल कुणाचे तरी आभार मानावेत असं तिला वाटलं. कुणाचे ते कळेना.

तर तिथं जायचं म्हंजी. हं. आणि संपलं.

भिंतीला टेकलेली सारजाबाई सावरून बसली. “तर उंबराकडं पाठ करायची,” ती म्हणाली. आणि थांबली.

ती मोबाइलकडे बघत होती. मोबाइल गप्प होता. रत्नाने पुन्हा मान हलवली.

“हुंकारा तुटला गं,” सारजाबाई म्हणाली. “लंका देत व्हती, तवर आतनं निघत व्हतं. भिताडाला कोन सांगतं?”

रत्नाला आजवरचे सगळे ओटे आठवले. त्यांवरची सगळी माणसं तिच्या प्रश्नांना उत्तरं देत नव्हती. ती तिच्या आईशी बोलत होती.

मशीनचा लाल दिवा लागलेलाच होता.

“उंबराकडं पाठ करायची,” सारजाबाईने पुन्हा सांगून पाहिलं.

“हं,” रत्ना म्हणाली.