लादलेला बैल

फुलसावंगीच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या तांड्यात बंजाऱ्यांचं एक लहानसं संग्रहालय आहे. ते सांभाळणारी ममता रोज सांजच्याला दिवे बंद करायची, आणि आतून कुणीतरी कण्हल्यासारखा जड श्वास टाकायचं.

आत जिवंत असं कुणीच नव्हतं. कवड्यांच्या झुली, आरशांचे घागरे आणि मधोमध, पाठीवर मिठाच्या दोन गोण्या घेऊन उभा असलेला सिमेंटचा बैल. छताचे पत्रे वाजत असतील, अशी मनाची समजूत घालून ती घाईघाईनं कुलूप लावायची.

एका संध्याकाळी तांड्यातली म्हातारी जमनाबाई, आपल्या आजीनं विणलेली गोण इथं ठेवलीय म्हणून बघायला आली. बैल दिसताच ती कडाडली.

"पोरी, सांज झाली नं व! याच्या पाठीवरचं ओझं काहून नाही उतरवलं?"

"याडी, सिमेंटचा हाय तो."

"मंग? मुक्कामाले बैल लादलेला ठेवत नसतात. आपल्या लोकाईनं कधी ठेवला काय? धर तिकून."

दोघींनी मिळून गोण्या खाली उतरवल्या. त्यासरशी तोच श्वास आला, अगदी कानाशी. पण या खेपेला लांब, मोकळा, सुटल्यासारखा. जमनाबाई समाधानानं हसली. ममतालाही, का कोण जाणे, हलकं वाटलं. त्या दिवशी तिनं कुलूप सावकाश लावलं, आणि घरी जाऊन गाढ झोपली.

सकाळी पाहुणे यायच्या आत गोण्या परत चढवाव्यात म्हणून तिनं दार उघडलं.

बैल चारही पाय मुडपून, डोळे मिटून, निवांत बसला होता.