अत्तराचा फाया

बरकतच्या डाव्या कानातून पू यायचा, त्याचा वास असा की चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामीच राहायची. उपाय नजमाने शोधला. शिफ्टला निघणाऱ्या नवऱ्याच्या कानात ती रोज अत्तराचा फाया बसवू लागली. शेजारची सीट भरली. "बरकतभाईंची रोजच ईद!" सोबतचे म्हणायचे आणि नजमाची कळी खुलायची. तीन वर्षांनी बरकत मशीनसमोरच गरगरून पडला. दवाखान्यात फाया चिमट्याने काढून आत पाहताच डॉक्टर भडकले. "कानाच्या पडद्यामागे कातडी वाढलीय, तिने हाडं खाल्लीत. हा कान गेला. इतकी वर्षं वास आला नाही तुम्हाला?" "मीच येऊ दिला नाही," त्याच्या डावीकडे बसलेली नजमा पुटपुटली. बरकतला ते ऐकू आलं नाही. खोलीभर वास पसरला तसं ओशाळून त्याने सवयीने मान कलती केली आणि कान तिच्यापुढे धरला.