बारेदांचं रक्त

"आणि कॅप्टन बारेदांची दुसरी बायको?" एउलालियाबाईंनी विचारलं.

"इसाबेल. झाकातेकासहून आलेली," मागणी घालायला आलेल्या बेनेरान्दोनं चटकन सांगितलं.

स्वयंपाकघरात मिरच्या वाटता वाटता त्यांच्या मुलीनं, कान्देलारियानं, सुस्कारा सोडला. बारेदांच्या मूळपुरुषापासूनच्या, म्हणजे कॅप्टनपासूनच्या, आठ पिढ्या तिनंच बेनेरान्दोकडून घोकून घेतल्या होत्या, कालव्याच्या काठी बसून.

न्यू मेक्सिकोच्या या डोंगराळ गावात मागणी घालायला आलेल्याला नकार तोंडानं देत नाहीत, गाडीत भोपळा ठेवतात. आईनं आजवर चार भोपळे ठेवले होते, चारही कॅप्टनच्याच वंशातल्या मुलांना. त्यांना वंशावळ धड सांगता आली नाही म्हणूनच नकार मिळाला, असं कान्देलारिया धरून चालली होती. हिला जावई थेट स्पेनच्या राजवाड्यातून हवा, असं गाव म्हणायचं. पाचवा भोपळा दाराशी तयारच होता. तो बेनेरान्दोच्या गाडीत गेला, तर कान्देलारिया दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नव्हती.

"पाठ चांगला आहे हो," आई म्हणाली. "नदीपलीकडच्या बारेदांना बापाच्या पुढचं नाव आठवत नाही. तुला कोणी पढवलं?"

"पढवायचं कशाला, बाई?" बेनेरान्दोसोबत आलेला त्याचा धर्मपिता प्लासिदो मध्येच म्हणाला. "घराण्याचं पोर. रक्तच बोलतं."

"बोलू दे की. मग आंधळ्या हिलचा तू कोण, रे?"

कान्देलारियाचा हात थांबला. हिल तिनं शिकवलाच नव्हता.

"पणतू," बेनेरान्दो म्हणाला. "फार मायाळू होते, म्हणे."

आई उठून आत आली. दार लोटलं.

"हिल चार वर्षांचा असताना देवी येऊन गेला. पणजोबा कधी झाला गं?"

कान्देलारियाचे डोळे भरून आले. "त्याला हाकलू नकोस, आई. सगळं मीच शिकवलं."

"खरा कोणाचा तो?"

"आजोबा मैदानातल्या आदिवासींचा. लहानपणी पकडून आणून जत्रेत विकलेला. आजी फ्रेंच शिकाऱ्याची मुलगी."

"बारेदांचा एक थेंबही नाही? कुठल्या आत्याकडून, मामाकडून? शपथ घे."

"नाही गं. शपथ."

आई बाकावर मटकन बसली. शालीच्या टोकानं तिनं तोंड पुसलं, मग डोळे.

"सापडला बाई एकदाचा," ती हळूच म्हणाली. "तुझे बाबा माझे सख्खे चुलतभाऊ. तुझ्याआधीची तीन लेकरं माझ्या मांडीवर गेली. भोपळा दिलेले ते चौघे, पोरी, खरेच आपल्या बारेदांच्या रक्ताचे होते."